उंदराने कुरतडलेला पट्टा

आमच्या तिरोड्याच्या भागात धानाची कापणी-मळणी आटोपली की उंदरांचा मुक्काम शेतातून घराकडे हलतो. माझ्या एका स्नेह्यांची जुनी मोटार अशाच दिवसांत धानाच्या पोत्यांशेजारी महिनाभर उभी होती. बाहेर काढली, तेव्हा मागच्या सीटचा पट्टा एका कडेने नखाएवढा कुरतडलेला दिसला. "मोच्याकडून दोन टाके घालून आणतो," ते म्हणाले. त्या सीटवर बसून त्यांची दोन मुले गोंदियाला ये-जा करतात. म्हणून मी त्यांना थांबवले आणि कागद-पेन्सिल काढली. तुम्हीही काढा.

समजा, तुमचे वस्तुमान 45 किलोग्रॅम आहे आणि मोटारीचा वेग ताशी 50 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर आहे. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे करा. तुमची गतिज ऊर्जा 4,410 ज्यूल येईल. दहा मीटर उंचीवरून पडलात, तर जमिनीला टेकताना एवढीच ऊर्जा तुमच्यात असेल.

आता मोटार झाडावर आदळली. पट्टा बांधलेला असेल, तर मोटारीचे नाक चेपताना आणि पट्टा ताणला जाताना तुम्ही सुमारे अर्ध्या मीटरात थांबता, असे धरू. ऊर्जेला अंतराने भागले की सरासरी बल 8,820 न्यूटन निघते. हा नऊ क्विंटल धानाचा भार झाला! पट्टा नसेल, तर मोटार थांबते, तुम्ही मात्र न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे पुढेच जाता आणि समोरच्या सीटवर आदळून पाचएक सेंटिमीटरांत थांबता. अंतर दहापट कमी झाले, म्हणून बल दहापट वाढले. शिवाय पुढे बसलेल्याच्या पाठीवर तुम्ही आदळता, ते वेगळेच.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले गृहस्थ दगावले. दोघांनीही पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या प्रवाशांनी पट्टा बांधावा हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेच. मागे बसले की भीती नाही, ही आपली समजूत मात्र जात नाही.

मग टाके का नकोत? कापडाचा दुकानदार काय करतो ते आठवा. कडेला कात्रीने जराशी चीर देतो आणि कापड टरकन फाडतो. चिरेच्या टोकाशी सारा ताण मोजक्या धाग्यांवर एकवटतो. ते तुटले की शेजारच्यांवर जातो. पट्ट्याचे पॉलिएस्टरचे धागेही याला अपवाद नाहीत. त्यात मोच्याच्या जाड सुईने आणखी भोके पडतात. याच कारणाने एकदा अपघाताचा हिसका सोसलेला पट्टाही बदलावा लागतो. त्याचे धागे एकदा ताणले गेलेले असतात. पुढच्या वेळी ते तसे ताणले जातीलच असे नाही.

स्नेह्यांना पटले. नवा पट्टा आणला, सीट उचलून जुन्याचे बोल्ट काढले. (गंमत म्हणजे आपण सारे मेट्रिकमध्ये मोजतो, पण बहुतेक मोटारींत हे बोल्ट अजून 7/16 इंचाचे असतात!) नवा पट्टा बसवला, पण कितीही हळू ओढला तरी बाहेर येईना. कारागीर म्हणाला, माल खराब आहे.

माल खराब नव्हता. पट्टा ज्या डबीत गुंडाळला जातो, तिच्यात दाते असलेले चाक आणि एक छोटा गोळा किंवा लोलक असतो. मोटारीचा वेग एकदम घटला की गोळा जडत्वामुळे पुढे सरकतो, खटका उचलतो, खटका दात्यात अडकतो आणि पट्टा जागीच रोखला जातो. गोळ्याला 'सरळ' म्हणजे काय हे गुरुत्वाकर्षणच सांगते. डबी तिरपी बसली, तर मोटार उभी असतानाही गोळा सरकलेलाच राहतो. दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलचा पट्टा दिला होता आणि त्याच्या डबीचा कोन या मोटारीत जुळत नव्हता. नेमक्या त्याच मॉडेलचा, त्याच बाजूचा पट्टा बक्कलासह मागवला, दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या बलाच्या आघूर्णाइतके बोल्ट आवळले आणि पट्टा सुरळीत सरकू लागला.

हा प्रयोग तुम्ही उभ्या मोटारीत करून पाहा. पट्टा सावकाश ओढा, मग एकदम हिसका द्या. बहुतेक पट्टे हिसक्यालाही अडतात. त्यासाठी डबीत आणखी एक खटका असतो.

जुना पट्टा दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून आम्ही तो कापून टाकला. त्याचा वीतभर तुकडा माझ्या प्रयोगशाळेत आहे. कुरतडलेली कड भिंगाखाली धरली की तुटलेले धागे मोजता येतात. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने ते मोजायला घेतले. शंभराच्या पुढे गेल्यावर तास संपल्याची घंटा झाली.