गांवाच्या हिरवळीवरील पंधरा गाणीं

कलाकृतीचें भाग्य पुष्कळदां तिच्या गुणांपेक्षां तिच्या जन्मवेळेवर अवलंबून असतें. २२ नोव्हेंबर १९६८ रोजीं इंग्लंडांत दोन ध्वनिमुद्रिका एकाच दिवशीं विक्रीस आल्या. पहिली होती बीटल्स या जगद्विख्यात चौकडीची. पांढऱ्या वेष्टनांत दोन तबकड्या, त्यांवर तीस गाणीं. आणि ती लगोलग खपाच्या यादींत अग्रस्थानीं जाऊन बसली. दुसरी लंडनच्याच किंक्स या वाद्यवृंदाची, 'दि किंक्स आर दि व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' अशा लांबलचक नांवाची. एकच तबकडी, पंधरा गाणीं. ती ना ब्रिटनच्या यादींत आली, ना अमेरिकेच्या. तरीहि विविधतेच्या आणि अंतरंगाच्या दृष्टीनें पाहिल्यास ही दुसरी मुद्रिका पहिलीच्या शेजारीं निःसंकोच ठेवावी अशी आहे.

'व्हिलेज ग्रीन' म्हणजे इंग्रजी खेड्याच्या मध्यभागीं असलेली, साऱ्या गांवाच्या वापराची मोकळी हिरवळ. तेथें मुलांनीं क्रिकेट खेळावें, जत्रा भरावी, वृद्धांनीं बांकावर बसून गप्पा माराव्या. महाराष्ट्रांतील खेड्यांत वडापिंपळाच्या पाराला जें स्थान, तेंच तिकडे तिला. या हिरवळीचें रक्षण करूं पाहणारें एक काल्पनिक मंडळ आणि तिच्या आसपास वावरणारीं माणसें, असा या गाण्यांचा सैलसर संसार आहे. जुनें किती जपावें आणि जपून काय हातीं लागतें, हा त्यांच्या मुळाशीं असलेला प्रश्न होय.

हीं गाणीं रचणारा व बहुतेक गाणारा रे डेव्हिस त्या वेळीं चोवीस वर्षांचा होता. धाकटा भाऊ डेव्ह गिटार वाजवी. पीट क्वेफ बास गिटार आणि मिक एव्हरी ड्रम सांभाळीत. १९६४ सालीं 'यू रिअली गॉट मी' या गाण्यानें या चौघांना ब्रिटनमध्यें पहिला क्रमांक मिळवून दिला. डेव्हनें आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाचा पडदा पात्यानें चिरून त्यांतून जो फाटका, गुरगुरणारा नाद काढला, त्याचें अनुकरण पुढें जगभर झालें. परंतु १९६५ च्या दौऱ्यानंतर अमेरिकेंतील वादकांच्या संघटनेनें त्यांना परवाने नाकारले, आणि १९६९ पर्यंत तें दार बंद राहिलें. सोबतीचे इतर वाद्यवृंद अमेरिका जिंकीत असतां किंक्स घरींच राहिले. रे डेव्हिसची दृष्टि इंग्लंडच्याच गल्ल्यांकडे, चहाच्या पेल्यांकडे आणि रविवारच्या दुपारींकडे वळली.

नाना प्रकारचे सूर वेंचण्याची त्याची संवय मात्र जुनी होती. डेव्हिसांचें कुटुंब उत्तर लंडनमधील श्रमजीवी वस्तींतलें. सहा मुलींच्या पाठीवर हे दोन मुलगे. सुटीच्या आदल्या रात्रीं पुढच्या खोलींतील पियानोभोंवतीं सारें घर जमे. वडिलांच्या आवडीचीं जुन्या रंगमंचावरील गाणीं आणि बहिणींनीं आणलेल्या नृत्यसंगीताच्या तबकड्या एकाच छपराखालीं नांदत. १९५७ सालीं तेराव्या वाढदिवसाच्या वेळीं रेला बहीण रेने हिनें गिटार दिली, आणि त्याच सुमारास एके रात्रीं नृत्यगृहांत नाचतां नाचतां ती निवर्तली. आठवण हा या गायकाचा विषय कां झाला, हें यावरून समजण्यासारखें आहे.

या संवयीचा एक धागा मुंबईपर्यंत पोंचतो. जानेवारी १९६५ मध्यें ऑस्ट्रेलियास जातांना ही मंडळी मुंबईंत थांबली होती. पहांटे कामावर निघालेल्या कोळ्यांच्या गाण्याचा सूर रे डेव्हिसच्या कानीं पडला, आणि त्याच वर्षीं जुलैंत 'सी माय फ्रेंड्स' हें गाणें निघालें. त्यांत गिटारचा एकच स्वर तंबोऱ्याप्रमाणें अखंड घुमत राहतो. बीटल्सचें सतारीचें पहिलें गाणें येण्यास त्यानंतर डिसेंबर उजाडावा लागला. एकदां ऐकलेला परका सूर न विसरतां त्याला योग्य जागीं बसविण्याची ही वृत्ति तीन वर्षांनीं हिरवळीच्या गाण्यांत पूर्ण बहरास आली.

त्या मुद्रिकेंतील विविधता खरोखर थक्क करणारी आहे. 'लास्ट ऑफ दि स्टीम-पॉवर्ड ट्रेन्स' हें अमेरिकन ब्लूज गायक हाउलिन वुल्फ याच्या 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'च्या ठेक्यावर धांवतें आणि माउथ ऑर्गन त्यांत इंजिनाचा धापा टाकण्याचा भास उत्पन्न करतो. 'मोनिका' वेस्ट इंडीजच्या कॅलिप्सोच्या लयींत डुलतें. 'व्हिलेज ग्रीन'मध्यें हार्प्सिकॉर्ड, ओबो व तंतुवाद्यें यांचा जुना दरबारी थाट आहे. 'ऑल ऑफ माय फ्रेंड्स वेअर देअर' हें म्यूझिक हॉलमधील विनोदी नटाच्या ढंगाचें, तर डेव्हनें गाइलेलें 'विकेड ॲनाबेला' चेटकिणीच्या गोष्टीसारखें काळोखें व कर्कश. 'फिनॉमिनल कॅट' ही बालकथाच. तिच्यांतील बांसरी मेलोट्रॉन या यंत्राची आहे. या यंत्राच्या प्रत्येक पट्टीला खऱ्या वाद्याचा सूर मुद्रित केलेली फीत जोडलेली असते. पट्टी दाबली कीं ती फिरूं लागते. 'बिग स्काय' अर्धें गाइलेलें, अर्धें नुसतें बोललेलें.

इतके ढंग एकत्र आले कीं बहुधा कडबोळें होतें. येथें तसें होत नाहीं, कारण प्रत्येक ढंग कोणा ना कोणा गांवकऱ्याचा आहे. इंजिनाला ब्लूज शोभतो, मांजराला बांसरी, भरधांव दुचाकीवाल्या जॉनी थंडरला गिटारची दौड. बीटल्सच्या त्या तीस गाण्यांत चार प्रतिभा चार दिशांनीं जातांना दिसतात. येथें एकच मन निरनिराळ्या दारांतून एकाच हिरवळीवर येतें. शिवाय बहुतेक गाणीं तीन मिनिटांच्या आंतलीं, म्हणून कोणताहि पाहुणा फार वेळ बसून राहत नाहीं.

वरवर ऐकणाऱ्यास हें सारें गतकाळाचें लाडिक गुणगान वाटेल. तें तसें नाहीं. आरंभींच्या गाण्यांतील जपण्यायोग्य वस्तूंच्या यादींत मुरांबा आणि चिनी मातीचे पेले यांबरोबर डोनाल्ड डकहि आहे; म्हणजे इंग्रजी परंपरेच्या रक्षकांना अमेरिकन बदकहि हवें! ऑगस्ट १९६८ मध्यें ब्रिटनच्या मुख्य लोहमार्गांवरील वाफेचीं इंजिनें बंद झालीं. गाण्यांतील इंजिन तगलें आहे खरें, पण संग्रहालयांत. जपलें गेलें आणि धांवावयाचें राहिलें. 'डू यू रिमेंबर वॉल्टर'मध्यें बालपणींचा साहसी सवंगडी आतां लठ्ठ, संसारी आणि रात्रीं लौकर निजणारा झाला आहे. भेटलाच तर बोलण्यास विषय उरणार नाहीं. शेवटच्या गाण्यांत माणसें एकमेकांचीं छायाचित्रें काढीत सुटतात, जणूं आपण होतों याचा पुरावा हवा म्हणून. जपण्याची ओढ खरी आणि तिचें अपयशहि खरें, असें दोन्ही एकाच हंसऱ्या चालींत सांगणें हें या गाण्यांचें सर्वांत मोठें सामर्थ्य होय.

मग त्या वर्षीं तीं ऐकलीं कां गेलीं नाहींत? १९६८ सालीं तरुण पिढी रस्त्यावर उतरली होती. पॅरिसमध्यें बंड, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध मोर्चे. त्या कोलाहलांत मुरांब्याचें गाणें कोणास हवें होतें? त्यांत रे डेव्हिसनें तयार झालेली बारा गाण्यांची मुद्रिका आयत्या वेळीं थांबविली व गाणीं वाढवून पंधरा केलीं. बारा गाण्यांची आवृत्ति कांहीं देशांत तेवढी निघाली, आणि ब्रिटनची नेमकी बीटल्सच्या दिवशीं येऊन पडली. १९६९ मध्यें पीट क्वेफ बाहेर पडला. मूळ चौघांची ही शेवटचीच मुद्रिका ठरली.

कीर्ति आली ती सावकाश, एका श्रोत्यानें दुसऱ्यास सांगत. २००४ सालीं 'पिक्चर बुक' एका संगणक-कंपनीच्या जाहिरातींत वाजलें आणि नव्या पिढीच्या कानीं पडलें. २०१८ मध्यें, म्हणजे पन्नास वर्षांनीं, ब्रिटनमधील खपानें एक लाखाचा आंकडा ओलांडल्याबद्दल तिला सुवर्णमुद्रिकेचा मान मिळाला.

जुन्या काळीं अनेक तबकड्या वहीसारख्या बांधून विकीत, आणि छायाचित्रांच्या वहीप्रमाणें तिलाहि अल्बम म्हणत. तोच शब्द पुढें रूढ झाला. किंक्सच्या या अल्बमला दोन्ही अर्थ लागू पडतात. नव्या श्रोत्यानें तो मधूनमधून न ऐकतां पहिल्या गाण्यापासून क्रमानें ऐकावा. सुमारें चाळीस मिनिटें लागतात. वॉल्टरचें गाणें संपतांना जर स्वतःचा एखादा वर्गमित्र आठवला, तर ऐकणें बरोबर चाललें आहे असें समजावें.