निळ्या झाकणाची टाकी

डिझेलची टाकी काठोकाठ भरलेली. चाकांत हवा आहे. इंजिन ठणठणीत. तरीही ट्रक रडतखडत चाललाय! काय झालं असेल, ओळखा पाहू!

हरलात? मग डिझेलच्या टाकीजवळची ती निळ्या झाकणाची छोटी टाकी बघा. ती रिकामी आहे!

दोस्तांनो, या टाकीत असतं 'डीईएफ', म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. ड्रायव्हरकाका त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात. खरंच, त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो आणि बाकी सगळं अतिशुद्ध पाणी.

तुम्ही म्हणाल, युरिया तर शेतातलं खत. त्याचं इंजिनात काय काम? गंमत म्हणजे तो इंजिनात जातच नाही! हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत त्याची ऑक्सिजनशी गट्टी जमते आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ही फुप्फुसांना त्रास देतात. दमा असलेल्यांना तर फारच. म्हणून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरात डीईएफचा बारीक फवारा मारतात. उष्णतेनं युरियापासून अमोनिया बनतो. पुढे उत्प्रेरकाच्या जाळीत अमोनिया त्या ऑक्साइडांना गाठतो, आणि उरतात फक्त नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. आहे की नाही मजा?

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि मोठ्या डिझेल गाड्यांवर ही टाकी सर्रास दिसू लागली.

पण ती रिकामी झाली आणि कुणी लक्षच दिलं नाही तर? गाडी काही थांबणार नाही. धूरही नेहमीसारखाच दिसेल. ड्रायव्हरकाकांना पत्ताही लागणार नाही. खोकत बसेल तो मागच्या रिक्षातला मुलगा!

म्हणून गाडी स्वतःच पहारा ठेवते. टाकीतला सेन्सर पातळी मोजतो. ती खाली गेली, की ड्रायव्हरसमोर दिवा लागतो. तरी दुर्लक्ष केलं, तर इंजिनाची ताकद कमी होते. शेवटी काही गाड्या सायकलच्या वेगानं चालू लागतात!

मग साधं पाणी ओतून फसवलं तर? छे! धुराच्या नळीतला दुसरा सेन्सर ऑक्साइडं मोजतच असतो. चोरी लगेच पकडली जाते. शेतातला युरियाही चालत नाही, बरं का! त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, शिवाय इतर अशुद्धीही असते. त्यानं फवाऱ्याचं बारीक तोंड बुजतं.

आता पुढच्या वेळी पंपावर गेलात, की उभ्या ट्रकवर ते निळं झाकण लांबूनच शोधा. आणि सहलीची बस निघण्याआधी खुशाल विचारा, "काका, युरिया भरला का?" काका हसतील. हसू देत! पण दिव्याकडे एक नजर नक्की टाकतील.