२३ मिलिमीटरचा गोलंदाज

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर पहाटे पाचला उठून प्लॅस्टिकचे सैनिक रंगवतात, असं कळलं आणि ऐन मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पहाटेच का, ते नऊच्या आत समजलं. खानदेशचं ऊन तापलं की अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो. पंख्याने तर आणखी लवकर, म्हणून पंखा बंद. बशीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंगाचे थेंब.

सैनिक फ्रेममधून कापणं, घासणं, साबणाने धुणं, प्रायमर देणं, हे सगळं झटपट उरकतं. मग पातळ काळपट रंगाचा हात दिला की तो अंगरख्याच्या चुण्यांत साचतो. कोरड्या ब्रशने उंचवटे उजळले की चिमटीतला माणूस जागा होतो. "२३ मिलिमीटर," आप्पा म्हणाले. १:७२ या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस एवढाच उरतो.

नोकरीभर त्यांनी लाल, पिवळा, हिरवा एवढेच रंग सांभाळले. वैद्यकीय तपासणीत डोळे पास झाले तरच गाडी हाती. आता त्याच डोळ्यांपुढे भिंग धरून ते पागोट्याची किनार ओढतात. तेवढा वेळ ते श्वास रोखतात. मीही रोखला.

छंद मूळचा विलायती. एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम १९१३ साली 'लिटल वॉर्स'मध्ये छापले. आप्पांचं रणांगण मात्र जवळचं आहे: अजिंठ्याच्या घाटापलीकडचं, जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. आप्पा रंगवतात ते शिंद्यांचे गोलंदाज. तोफा हातच्या गेल्यावर यांतले काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. त्या दिवशी इंग्रजांकडचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले.

वेलस्लीचा लंडनमध्ये घोड्यावरचा पुतळा आहे. गोलंदाजाच्या वाट्याला भुसावळच्या टेबलावरचे २३ मिलिमीटर. पण त्याच्या पागोट्याची किनार एका म्हाताऱ्या माणसाने श्वास रोखून ओढली आहे, आणि माझ्या लेखी हा मान मोठा आहे.

अजिंठा पाहायला गेलात, तर पुढे असईलाही जाऊन या.