खिडकीतलं पाणी

बदलापूर-अंबरनाथकडच्या घरांच्या जाहिराती ओळीने वाचल्या, तर विटा, सिमेंट, भिंतींची जाडी यांबद्दल त्यांत फारसं काही सापडत नाही. सापडतो तो हिरवा डोंगर, खालचं निळं पाणी आणि गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं असलेलं हसरं जोडपं. कोपऱ्यात स्टेशनचं अंतर असतं, तेही मिनिटांत. ही मिनिटं पायी की रिक्षाने, पहाटेची की संध्याकाळी सातची, ते लिहिलेलं नसतं. लोकलच्या गर्दीत उभं राहून घरी परतणाऱ्या माणसाला नेमकं काय हवंय, हे ओळखून ते चित्र काढलेलं आहे.

ही ओळख शंभर वर्षांपूर्वी धंद्यात आली. वर्तनवादाचा प्रवर्तक जॉन वॉटसन याला 1920 मध्ये विद्यापीठातली जागा सोडावी लागली आणि तो जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत गेला. फ्रॉइडचा भाचा एडवर्ड बर्नेज याने 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर संचलनात तरुणींच्या हाती सिगारेट दिली आणि तिला स्त्रीस्वातंत्र्याचं रूप दिलं. तंबाखूच्या गुणांबद्दल त्याला काही बोलावंच लागलं नाही. वस्तूचं वर्णन करण्यापेक्षा तिला माणसाच्या एखाद्या इच्छेशी बांधायचं, आणि त्या इच्छेत न बसणारं सगळं चौकटीबाहेर ठेवायचं, हा धडा तेव्हापासूनचा. त्यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण बदलापूरकडचं पाणी फक्त खिडकीतून दिसणारं नाही. जवळचं बारवी धरण एमआयडीसीचं, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचं. त्यातून सोडलेलं पाणी नदीवाटे उल्हासला मिळतं, जांभूळला उचलून शुद्ध होतं आणि कारखान्यांना, उल्हासनगरसारख्या शहरांना जातं. बदलापूरच्या नळाला मात्र मुख्यतः उल्हास नदीवरच्या बॅरेज बंधाऱ्याचं पाणी येतं, ते जीवन प्राधिकरण पुरवतं. म्हणजे धरण जवळ असलं की नळाला पाणी येईलच, असं नाही. धरणाची उंची वाढवली तेव्हा काठची गावं उठली, तीही त्या निळ्या चित्रात नाहीत. आणि पावसाळ्यातली उल्हास? 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदीकाठचं घर विकताना दाखवतात ती नदी मात्र हिवाळ्यातली.

यावर कोणी म्हणेल, लोक इतके भोळे नसतात. बदलापूरला माणूस येतो तो परवडतं म्हणून, चित्र पाहून नव्हे. यात तथ्य आहे. जाहिरातीच्या जादूबद्दल अतिशयोक्तीही पुष्कळ झाली. 1957 मध्ये जेम्स व्हिकरी या बाजार-संशोधकाने पडद्यावर क्षणभर, नजरेला न कळेल असा संदेश दाखवून पॉपकॉर्नची विक्री वाढवल्याचा दावा केला होता. पुढे तो त्यानेच खोटा ठरवला. पण गाव बजेट ठरवतं, म्हणून इमारतही बजेटच ठरवतं असं होत नाही. सारख्या भावाच्या चार इमारतींपुढे उभ्या असलेल्या माणसाने पूररेषा विचारायची की सूर्यास्त पाहायचा, इथे चित्राचं काम सुरू होतं. आयुष्यभराच्या कर्जावर सही करणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न उठूच नये, हे दुसऱ्या कोणी ठरवणं मला गंभीर वाटतं.

रेरा या 2016 च्या स्थावर मालमत्ता कायद्याने जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक सक्तीचा केला. त्याच्या 12व्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. हे मोठं पाऊल आहे. पण हसरं जोडपं खोटं विधान करत नाही, आणि न सांगितलेल्या पुराला या कलमात पकडणं कठीण. जलसंपदा विभागाच्या नकाशांवर निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे आणि नळाला पाणी कुठून, किती वेळ येणार, हे नोंदणी क्रमांकाशेजारी, त्याच टायपात छापणं बंधनकारक व्हायला हवं.