लांबची लेन्स, जवळचा माणूस

कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी मामाचा कॅमेरा घेऊन येतं. सोबत ती लांबलचक लेन्स. मग दिवसभर एकच उद्योग : शेवटच्या रांगेत बसायचं आणि स्टेजवरच्यांना जवळ ओढायचं. ‘अरे, त्याच्या कपाळावरचा घाम दिसतोय!’ मजा येते, पण दोन तासांत संपते. कारण टेलिफोटो म्हणजे फक्त दुर्बीण, असं आपण धरून चाललेलो असतो. तिच्याकडून याहून बरंच काही करून घेता येतं. थोडं चालायची तयारी हवी, एवढंच.

चंद्र मोठा हवाय? मागे सरका!

पौर्णिमेला मोबाइलवर चंद्र टिपलात की हाती येतो एक पांढरा ठिपका. मग मंदिराच्या शिखरामागे परातीएवढा चंद्र दिसतो ते फोटो काढतात कसे? प्रत्येक वेळी एडिटिंग नसतं, साधं गणित असतं. चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो. कुठलीही वस्तू तिच्या आकाराच्या ११० पट अंतरावरून पाहिली की ती चंद्राएवढी दिसते. तुमचा मित्र साडेपाच फुटी असेल, तर त्याच्यापासून सुमारे १८० मीटर लांब जा. दहा मीटरचं शिखर असेल, तर ११०० मीटर. आता ३०० एमएमची लेन्स लावा. नेहमीच्या क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यात चंद्र फ्रेमच्या उंचीचा जवळजवळ सहावा हिस्सा व्यापेल आणि मित्रही तेवढाच दिसेल. थोडक्यात, चंद्र मोठा झालाच नाही. मागे जाऊन तुम्ही मित्राला लहान केलंत आणि लेन्सनं दोघांना सारखंच वाढवलं.

बीडमध्ये कंकालेश्वराचं शिखर निवडलंत तर चंद्र कुठल्या दिशेला उगवणार ते आधी नकाशावर पाहा. मग त्या सरळ रेषेत मागे मागे जात मोकळी जागा शोधा. बहुतेकदा ती कुणाच्या तरी गच्चीवर सापडते. काकूंना विचारूनच वर जा! पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो, त्यामुळे शिखरावर थोडा उजेड शिल्लक असतो. दुसऱ्या दिवशी तो सुमारे पाऊण तास उशिरा येतो, तोवर शिखर काळोखात गेलेलं असतं.

अंतर दाबलं जातं म्हणजे काय?

दोन मैत्रिणींना एकीच्या मागे दोन मीटरवर दुसरी, असं उभं करा. पुढचीपासून दोन मीटरवर थांबलात तर मागची तिच्या निम्मी दिसते. वीस मीटर मागे जाऊन झूम केलंत तर दोघी जवळपास सारख्याच दिसतात. ही जादू लेन्सची नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्याची आहे. सेल्फीत नाक मोठं येतं त्याचंही कारण हेच. मोबाइलला टू एक्स किंवा थ्री एक्सची वेगळी लेन्स असेल तर चार पावलं मागे जाऊन चेहरा टिपा, फरक लगेच कळेल. हिवाळ्यातल्या सकाळी मांजरसुंब्याच्या घाटात हेच करून पाहा. धुक्यातल्या बालाघाटच्या रांगा कागदाच्या घड्यांसारख्या एकीवर एक बसतात.

दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. ३०० एमएमला हात थरथरलेला लगेच दिसतो, म्हणून शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा. आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवरची तापलेली हवा हलत असते. तेव्हा कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो थरथरताच येणार. सकाळीच उरका.

मोराला चालतं, माणसाला?

पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेलं. तिथे लांबची लेन्स हा शिष्टाचार आहे. तुम्ही लांब राहता, मोर बिचकत नाही, पिसारा मिटत नाही.

पण दसरा-दिवाळीनंतर आपल्याच रस्त्यांवरून ऊसतोड कामगारांचे ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. वर संसार, भांडीकुंडी, लेकरं. फडाजवळच्या कोपीपुढे भाकरी थापणारी एखादी बाई. शंभर मीटरवरून, तिला न कळता, तो ‘भारी’ फोटो निघतो. इन्स्टावर टाकला की लाइक्सही मिळतात. पण तिचं नाव, तिचं गाव, तिनं उचल किती घेतली, पोरांची शाळा सुटली का, यातलं काय आलं त्या फोटोत? मोर ‘नको’ म्हणू शकत नाही, म्हणून आपण लांब थांबतो. ती म्हणू शकते. लांब थांबून आपण तिचा तो हक्कच काढून घेतो. आणि वर्गात तुमच्या शेजारी बसणाऱ्याची ती आई असू शकते, हे बीडमध्ये तरी विसरायला नको.

झूमनं न मिळणारी जवळीक

हे कोडं फक्त फोटोवाल्यांचं नाही. शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून सुरू होतं. पण कवी नारायण वामन टिळकांपर्यंत ख्रिस्त पोहोचला तो १८९३ साली, रेल्वेच्या डब्यात. समोरच्या अनोळखी प्रवाशानं आधी त्यांच्याशी कवितेच्या गप्पा मारल्या, मग बायबलचा नवा करार हाती ठेवला. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरानं मोजली. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे स्वतःच्या विचारानं त्या वाटेवर आल्या. टिळकांनी मात्र आपलं म्हणणं सांगायला परक्या चाली घेतल्या नाहीत. त्यांनी अभंग आणि कीर्तन घेतलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तिथे जागा होती.

धर्मांतराबद्दल तुमचं मत काहीही असो. समोरच्यानं आधी ऐकलं, त्याच्या भाषेत बोललं, आणि निर्णय त्याच्यावर सोडला, तरच अंतर खरं कमी होतं. नाताळात चर्चमध्ये, उरुसात दर्ग्यावर किंवा दिंडीत कॅमेरा घेऊन जाल तेव्हा हे आठवा. डोळे मिटलेल्या माणसाचा फोटो लांबून सहज मिळतो. तो का डोळे मिटून उभा आहे, हे मात्र शेजारी बसल्यावरच कळतं.

तेव्हा या सुट्टीत एक करा. एकाच माणसाचे दोन फोटो काढा. पहिला लांबून, पण आधी विचारून. दुसरा, अर्धा तास गप्पा झाल्यावर, दोन हातांवरून. दोन्ही त्याला दाखवा आणि विचारा, ‘यातले तुम्ही कुठले?’ तो ज्या फोटोवर बोट ठेवील, तो ठेवा. दुसरा त्याच्यासमोरच डिलीट करा.