सॉकेट जुळले, तरी संगणक सुरू होईना

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीच्या पुलाआधी सारोळे लागते. अशा गावात एखाद्या दुकानात किंवा घरात आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असतो. त्यावरच सातबारा काढायचा, मुलांचे प्रवेशअर्ज भरायचे, उधारीचा हिशेब ठेवायचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अशा अनेक यंत्रांचा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. मग सहज विचार येतो : अख्खा संगणक कशाला, नुसता प्रोसेसर बदलू.

नेमका इथेच घोटाळा होतो. सहाव्या आणि सातव्या पिढीच्या घरगुती प्रोसेसरांचे सॉकेट ‘एलजीए ११५१’. आठव्या आणि नवव्या पिढीचेही तेच. जुन्या ‘एच ११०’ मदरबोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर ठेवला, तर तो खाचेत चपखल बसतो. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच राहतो. कारण आठव्या पिढीत गाभे वाढले, विजेची गरज वाढली आणि इंटेलने काही पिनांची कामे बदलली. या प्रोसेसरांना ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. सॉकेटचे नाव एकच, आतली जोडणी वेगळी.

रक्तपेढीत हे रोज पाहायला मिळते. रुग्ण ‘बी पॉझिटिव्ह’, पिशवीही ‘बी पॉझिटिव्ह’, तरी क्रॉसमॅच केल्याशिवाय पिशवी सहसा हलत नाही. गट जुळणे ही पहिली पायरी झाली. संगणकात निदान जिवाला धोका नाही. पण पैसे गेले, पुन्हा बुधवार पेठेची खेप पडली, आणि उघडलेला माल दुकानदार परत घेईलच असे नाही.

क्रॉसमॅच इथेही करता येते, आणि फुकट. विंडोजच्या शोधचौकटीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडले की मदरबोर्डचा उत्पादक, मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. ते मॉडेल उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधावे. तिथे चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकासमोर बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. यादीत नाव नसेल तर विषय संपला. ‘चालतंय, बसवून बघू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकपेक्षा ही यादी खरी. लॅपटॉपचा तर प्रश्नच नाही. हल्ली त्यात प्रोसेसर बोर्डावर डाखलेलाच असतो.

एएमडीचे ‘एएम ४’ सॉकेट त्या मानाने दीर्घायुषी ठरले. रायझनच्या पहिल्या पिढीपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर त्यावर आले. पण तिथेही जुन्या बोर्डाला नवा बायोस लागतोच.

मोठ्या यंत्रांचीही हीच अडचण. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ महासंगणक तयार केला, तो ट्रान्सप्युटर प्रोसेसरांवर. पुढे जास्त वेगासाठी ‘परम ८६००’ मध्ये इंटेलच्या आय ८६० ची जोड द्यावी लागली. ‘परम ९०००’ ची तर रचनाच अशी केली की पुढे वेगळे प्रोसेसर बसवता यावेत. बदलाची सोय आधीपासून ठेवली होती. घरच्या मदरबोर्डात ती कंपनी देईल तेवढीच.

शिवाय, दुखणे प्रोसेसरचेच आहे का? टास्क मॅनेजर उघडून पाहावे. संगणक रेंगाळताना प्रोसेसर वीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभर टक्क्यांवर दिसत असेल, तर गुन्हेगार जुनी फिरती हार्डडिस्क आहे. तिथे साधी एसएसडी बसवली की संगणक तरतरीत होतो. अर्थात त्याने विंडोज ११ ची अट पुरी होत नाही. कधी कधी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र बदलणेच हिशेबात बसते.

बदल करायचाच ठरला, तर बायोस अद्ययावत करण्याचे काम जुना प्रोसेसर बसलेला असतानाच उरकावे. नवा बसवल्यावर पडदाच उजळला नाही, तर करणार कसे? आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. गावात दुपारी वीज जायची असेल, तर आधी यूपीएस जोडावा, नाहीतर काम रात्रीवर ठेवावे. जुना प्रोसेसरही लगेच विकू नये. नवा चार दिवस नीट चालेपर्यंत तो डबीत जपून ठेवावा.