घरी पुढचे ब्रेक बदलल्यावर येणारा आवाज : कारणे आणि तपासणी

प्रस्तावना

समजा, तुम्ही जबलपूर जिल्ह्यातील पाटन येथे राहता. रविवारी अंगणातच गाडीच्या पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क, नवे कॅलिपर आणि नवे पॅड बसवलेत. सोमवारी जबलपूरच्या रस्त्याला लागलात आणि ब्रेक दाबताच कर्कश आवाज आला. अशा वेळी पॅड खराब निघाले असे समजून दुसरा जोड आणण्याची घाई होते. पण दोष अनेकदा जोडणीत असतो. आवाज कसा आहे आणि तो केव्हा येतो, हे नीट टिपले तर कारण शोधणे सोपे जाते.

आवाज का निर्माण होतो?

ब्रेक गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. १००० किलोची गाडी ताशी ६० किमी वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १,३९,००० जूल असते. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून या ऊर्जेचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकना पेलावा लागतो.

पॅड डिस्कवर घासताना क्षणभर चिकटतो, सुटतो आणि पुन्हा चिकटतो. सारंगीच्या तारेवर गज फिरवताना हेच घडते. ही कंपने डिस्कच्या नैसर्गिक वारंवारितेशी जुळली, की डिस्क घंटेसारखी वाजू लागते. पॅडच्या मागे बसणारी शिम नावाची पातळ पट्टी ही कंपने शोषते. ती बसवायची राहिली, तर चांगले पॅडही किंचाळतात.

आवाजावरून कारण ओळखणे

१. ब्रेक दाबल्यावरच तीक्ष्ण किंचाळी : शिम नाही, क्लिपा जुन्या आहेत किंवा पॅड अजून रुळलेले नाहीत.

२. ब्रेक न दाबताही चाकाबरोबर खस्-खस् : डिस्कमागचा पत्रा वाकून डिस्कला टेकतो आहे. पाटनसारख्या काळ्या मातीच्या भागात तिथे वाळलेला चिखल किंवा खडाही अडकू शकतो.

३. ब्रेक लावताना एकदाच टक् : पॅड ढिला आहे, क्लिप निसटली आहे किंवा कॅलिपरचा बोल्ट सैल आहे.

४. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर : पॅड उलटा बसला आहे किंवा मोठा कॅलिपर चाकाला आतून घासतो आहे. गाडी तिथेच थांबवा.

खाचा असलेल्या डिस्कचा मंद घूं-घूं आवाज, तसेच पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची पहिल्या दोन-चार ब्रेकपुरती खरखर, हे दोष नाहीत.

तपासणीचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना ओट लावा आणि पुढचा भाग स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवा आणि कान द्या. मग चाक काढून पुढील गोष्टी पाहा :

• कॅलिपरचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळले आहेत का?
• हवा काढण्याचे निपल वरच्या बाजूला आहे का? ते खाली असेल, तर डावा-उजवा कॅलिपर बदललेला असू शकतो. मग आत हवा राहते आणि पेडल मऊ लागते.
• नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसले आहे का?
• ब्रेकचे ग्रीस फक्त पॅडच्या कानांना लागले आहे ना? घासणाऱ्या पृष्ठभागाला लागले असेल, तर पॅड बदला.
• हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला आहे का? तो राहिला तर डिस्क तिरकी बसते आणि पेडल थरथरते.

ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा.

पॅड रुळवणे

रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ५० वरून १५ किमीपर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. असे आठ-दहा वेळा करा आणि नंतर ब्रेक थंड होऊ द्या. पॅडच्या डब्यावर वेगळी सूचना असेल, तर तीच पाळा.

पेडल मऊ लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ब्रेक ऑइल गळत असेल, तर स्वतः प्रयोग न करता मेकॅनिकला बोलवा. किंचाळी कानाला त्रास देते, पण या खुणा जिवावर बेतू शकतात.

स्वाध्याय

हबचा व्यास १४ सेमी व डिस्कचा २८ सेमी आहे. हबच्या कडेला ०.०५ मिमी जाडीचा गंज राहिला, तर डिस्कच्या कडेला एकूण डगमग किती होईल? (उत्तर : सुमारे ०.१ मिमी)